लवकर फुलणाऱ्या क्लेमॅटिसची छाटणी केव्हा करावी?

क्लेमॅटिस मोंटाना ही हिमालयाच्या डोंगरउतारावरील बहुवर्षायू वेल. आपल्या सह्याद्रीतील मोरवेल हिच्याच प्रजातीतील आहे. एप्रिल-मे महिन्यांत ही वेल चार पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी भरून जाते. तिला थंड हवामान मानवते. म्हणून उष्ण भागात तिची लागवड करू नये.

लागवड : पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी. ४५ सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. वेलीचा शेंडा उन्हात, पण मुळे गारव्यात हवीत. त्यासाठी बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

आधार : या वेलीच्या पानांचे देठच आधाराला पीळ घालतात. जाड खांबाला त्यांचा विळखा बसत नाही. म्हणून बारीक तार किंवा सुतळी बांधावी.

छाटणी : वेल जोमाने वाढते, पण फुलत नाही, याचे नेहमीचे कारण हिवाळ्यातील छाटणी. फुले मागील हंगामातील काडीवर येतात. द्राक्ष बागायतदारांना हे नवे नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीतच घड तयार होतो. ऑक्टोबरमध्ये ती काडी बुडापासून काढली, तर घड कोठून येणार? तसेच येथे होते. म्हणून फुले ओसरताच लगेच छाटणी करावी, म्हणजे पुढील बहारासाठी नवीन काडी तयार होण्यास अवधी मिळतो.

छाटताना हातमोजे वापरावेत. वेलीच्या रसाने कातडीची आग होते.