गासचा वारा, थरची वाळू

वसईतल्या गासच्या पश्चिमेला कळंब-राजोडीच्या पुळणीवर मे महिन्यात दुपार कलल्यावर अनवाणी चालून पाहा. खारे वारे जोरात असले की घोट्यांना वाळू बोचते, तोंडापर्यंत सहसा पोचत नाही. वाळवंटातली टेकाडं रचण्याचं बहुतेक काम असंच घोट्या-गुडघ्यांच्या उंचीत चालतं.

वाळूचा कण तरंगत नाही, उड्या मारतो. वारा ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे गेला की सुकी वाळू सुटते. उडालेला कण तिरपा खाली आपटतो आणि आपटताना आणखी चार कणांना उडवतो. ज्यांना उडणं झेपत नाही ते जाडे कण या माऱ्याने सरपटत पुढे जातात. धुळीची गोष्ट निराळी. ती उंच चढते आणि शेकडो किलोमीटर जाते. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईचं आकाश मळकट झालं होतं.

लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालणारा ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅगनॉल्ड याने या उड्यांचं गणित मांडलं. नुसत्या भटकंतीवर न थांबता त्याने वाऱ्याचा बोगदा बांधून प्रयोग केले आणि 1941 मध्ये पुस्तक लिहिलं. वाळू सुटल्यावर वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाहणारी वाळू सुमारे आठपट होते, असा त्याचा हिशेब. म्हणजे वर्षभराच्या झुळकांपेक्षा चार दिवसांचा सोसाट्याचा वारा जास्त काम करतो.

गवताच्या झुबक्यामागे वाऱ्याचा जोर मोडतो आणि वाळू साचते. टेकाड वाढलं की वाऱ्याकडची बाजू मंद चढाची राहते, पलीकडची सुमारे 33 अंशांवर घसरू लागते. अशी माथ्यावरून पलीकडे ओघळत अख्खी टेकडी पुढे सरकते. उघड्या, कोरड्या जमिनीवर तिची चंद्रकोर होते, कारण कडेची वाळू कमी म्हणून ती आधी पळते. शिंगं वारा जाईल त्या दिशेला. थरच्या वाळवंटात बऱ्याच ठिकाणी याच्या नेमकं उलट दिसतं. तिथे कडा झुडपांनी धरून ठेवलेल्या, मधली वाळू पुढे गेलेली, त्यामुळे शिंगं नैर्ऋत्येकडे, वाऱ्याच्या तोंडाला.

आता हा नैर्ऋत्य वारा तर आपल्याच ओळखीचा! वसईत तो जूनमध्ये पाऊस घेऊन येतो. जोर त्याचा तेव्हाच सर्वांत जास्त, पण कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असला की ते एकमेकांना चिकटून बसतात, वाळू हलत नाही. थरमध्ये वारा आधी येतो, पाऊस मागून, तोही जेमतेम. मधल्या कोरड्या आठवड्यांत तिथली वाळू सर्वांत जास्त हलते. वारा कमी-जास्त असण्यापेक्षा ओल आणि हिरवळ यांनीच दोन्हीकडचा निकाल लागतो.

आपल्याकडे वाळू धरून ठेवण्याचं काम मर्यादवेल करतो. जांभळ्या फुलांचा, जाड पानांचा हा वेल वाळूखाली गाडला गेला तरी वर निघतो, पेरापेराला मुळं सोडतो आणि आणखी वाळू अडवतो. सुरूच्या बनांचं कौतुक फार झालं. सुरू वारा अडवतो खरा, पण त्याच्या गळलेल्या काड्यांच्या थराखाली दुसरं काही फारसं उगवत नाही. लाट पायथ्याची वाळू नेऊ लागली की झाड आडवं होतं. खरी भर वेल घालतो आणि सहलीच्या गाड्या चाकं घालतात ती नेमकी त्याच्यावर. वेल तुटला की तिथली सुकी वाळू उघडी पडते, वारा खळगा कोरू लागतो, आणि सुरूच्या पुढची वाळूची ढाल त्या जागी फुटते.