दोन सर्व्हर घेतले म्हणजे झाले का? फेलओव्हर क्लस्टरची ओळख



आपल्या मंडळाचे अनेक सभासद बेळगावातील सहकारी सोसायट्यांवर संचालक आहेत, काहींचे उद्यमबागेत कारखाने आहेत, कोणी शाळेच्या तर कोणी दवाखान्याच्या कारभारात आहेत. घरातील तरुण मुले-मुली इथे किंवा पुण्या-बेंगळुरूला सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत आहेत. या सर्वांसमोर हल्ली एकाच धर्तीचे कोटेशन येते: दोन सर्व्हर, एक सामायिक स्टोरेज, 'हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर' आणि खाली लाखांतला आकडा. ज्याला सही करायची असते त्याला यातले तांत्रिक कळत नाही आणि ज्याला कळते त्याला ते सभेत सोपे करून सांगता येत नाही. ही अडचण लक्षात घेऊन संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आम्ही काही सभासदांनी हा लेख तयार केला आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. क्लस्टर यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण देतो. माहिती पुसली गेली, खराब झाली, तर तो काही करू शकत नाही. हा फरक ज्याला कळला त्याला पुढचे सगळे सोपे जाईल.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर असे. हिशेबाचा एक, ई-मेलचा एक, हजेरीचा एक. त्यातले बहुतेक दिवसभर रिकामेच बसलेले असत. व्हर्च्युअलायझेशनमध्ये एका दणकट यंत्रावर हायपरव्हायझर नावाची प्रणाली बसवतात. ती यंत्राचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देते. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत तसे एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन नांदतात. प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र असतो.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर ती राबवली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. साध्या सर्व्हरवर ती व्हीएमवेअरच्या ईएसएक्समुळे २००१ पासून रुळली. पुढे २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आले आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही बाजारात आले. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि वर्गणी पद्धत आली. त्यामुळे आता छोट्या संस्था हायपर-व्ही किंवा केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सचाही विचार करतात.

यात धोकाही आहे. वाडा पडला तर सगळी बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात. पूर्वी एक सर्व्हर बंद पडला तर एक काम थांबे, आता सगळीच थांबतात. म्हणून दुसरे यंत्र लागते.

सामायिक स्टोरेज कशाला?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी काही फायली असतात. त्या पहिल्या सर्व्हरच्याच डिस्कवर राहिल्या तर तो बंद पडल्यावर दुसरा सर्व्हर काय चालवणार? म्हणून फायली बाहेर, दोघांनाही पोहोचता येईल अशा स्टोरेजवर ठेवतात. सर्व्हर आणि स्टोरेज फायबर चॅनलने किंवा साध्या नेटवर्कवरून आयएससीएसआय पद्धतीने जोडतात. खतावणी कपाटात आणि कारकून दोन: एक रजेवर गेला तर दुसरा तीच खतावणी उघडून पुढे लिहू लागतो.

इथे कोटेशन नीट वाचावे. सर्व्हर दोन आहेत, पण स्टोरेज एकच असेल तर त्या स्टोरेजच्या आत काय काय दुहेरी आहे? दोन कंट्रोलर, दोन पॉवर सप्लाय, रेडमध्ये बसवलेल्या डिस्क, स्टोरेजपर्यंत जाणारे दोन स्वतंत्र मार्ग आणि दोन स्विच हवेत. पैसे वाचवण्यासाठी एका कंट्रोलरची स्वस्त पेटी दिली असेल, तर सर्व्हर दोन असूनही सगळा भार त्या पेटीवर आहे. ती गेली की दोन्ही सर्व्हर चालू असूनही काम बंद.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या आतल्या डिस्कवरच माहितीच्या प्रती ठेवणे. विंडोजमध्ये स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट आणि लिनक्सच्या जगात सेफ हे काम करतात. यात वेगळी स्टोरेज पेटी लागत नाही. मात्र सर्व्हरांमधले नेटवर्क वेगवान लागते आणि सेफसाठी किमान तीन सर्व्हर गृहीत धरावेत.

फेलओव्हरमध्ये नेमके काय होते?

क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. नोड एकमेकांना साधारण दर सेकंदाला 'मी आहे' असा संकेत पाठवतात. त्याला हार्टबीट म्हणतात. ठरावीक संकेत चुकले की तो नोड गेला असे धरून त्याच्यावरची व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या नोडवर सुरू होतात.

'सुरू होतात' हा शब्द महत्त्वाचा. विक्रेता लाइव्ह मायग्रेशन दाखवतो तेव्हा चालू मशीन क्षणात इकडून तिकडे जाते आणि कोणाला कळतही नाही. पण तो ठरवून केलेला प्रवास असतो, दोन्ही नोड जिवंत असताना. अचानक बिघाड झाला तर मशीन दुसरीकडे नव्याने बूट होते. काही मिनिटे काउंटर थांबतो, अर्धवट भरलेली पावती पुन्हा भरावी लागते. डेटाबेस आपल्या नोंदवहीवरून पूर्ण झालेले व्यवहार जुळवून घेतो. हे चालण्यासारखे आहे, पण 'एक क्षणही बंद पडणार नाही' असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे.

आणखी एक हिशेब. दोन्ही नोडना १२८ जीबी मेमरी असेल तर क्लस्टरमध्ये २५६ जीबी वापरता येईल असे समजू नये. एक गेल्यावर सगळी बिऱ्हाडे दुसऱ्यात मावली पाहिजेत, म्हणून सर्व मशीनची मिळून मेमरी १२८ च्या आतच हवी. त्यातही हायपरव्हायझरचा वाटा सोडायचा.

गणपूर्ती आणि साक्षीदार

समजा दोन्ही नोड धडधाकट आहेत, पण त्यांच्यामधली केबल तुटली. प्रत्येकाला वाटते की दुसरा गेला. दोघेही एकच खतावणी उघडून लिहू लागले तर पाने एकमेकांवर लिहिली जातील. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. सर्व्हर बंद पडण्यापेक्षा हे वाईट, कारण त्यात माहितीच बिघडते.

यावरचा उपाय सहकारात काम करणाऱ्यांना नवा नाही: कोरम, म्हणजे गणपूर्ती. एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते ज्या बाजूला, तीच बाजू काम चालू ठेवते. पण दोन नोडांत एक-एक मत पडले तर बहुमत कोणाचेच नाही. म्हणून तिसरे मत साक्षीदाराला देतात: एखादी छोटी डिस्क, वेगळ्या यंत्रावरचे शेअर्ड फोल्डर किंवा विंडोज सर्व्हर २०१६ पासून क्लाउडवरचा साक्षीदार. तीनपैकी दोन मते जमली की काम चालते. हा साक्षीदार क्लस्टरच्याच पोटात ठेवू नये. ज्याच्या घरी वाद आहे त्यालाच साक्षीला बोलावण्यासारखे ते होईल.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. आपल्याकडे गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते आणि मग गणपूर्तीची अट राहत नाही. क्लस्टर अशी सवलत देत नाही, तो बंदच राहतो. ॲडमिनिस्ट्रेटर जबरदस्तीने सुरू करू शकतो, पण दुसरी बाजू खरोखर बंद आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती आज्ञा देऊ नये.

क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे

कर्मचाऱ्याने चुकून नोंदी पुसल्या किंवा रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर सामायिक स्टोरेजवर तीच बिघडलेली माहिती राहते आणि दोन्ही नोड ती इमाने इतबारे दाखवतात. यासाठी बॅकअप वेगळाच हवा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. एक प्रत तरी नेटवर्कपासून तोडलेली असावी. ठेवीदारांचे खाते परत उभे राहते ते या प्रतीवरून.

मग प्रत्येकाला क्लस्टर हवाच का?

आम्हाला तसे वाटत नाही. एकाच शाखेच्या लहान सोसायटीला दहा-पंधरा मिनिटांचे काम पुन्हा भरणे शक्य असेल, तर स्टोरेजशिवायची प्रतिकृती पद्धत पुरते. हायपर-व्ही रेप्लिका दर ३० सेकंदांनी, ५ किंवा १५ मिनिटांनी बदल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवते, प्रॉक्समॉक्समध्येही अशी सोय आहे. हायपर-व्हीमध्ये बिघाड झाल्यावर दुसरी प्रत माणसाने सुरू करायची आणि शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी पुन्हा भरायच्या. अनेक शाखा असतील किंवा रात्रपाळीला चालणारा कारखाना वा दवाखाना असेल, तर क्लस्टरचा खर्च सार्थकी लागतो.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. काम किती वेळ बंद राहिलेले चालेल आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील? हे संचालकांनी ठरवायचे, विक्रेत्याने नव्हे.

२. एक नोड गेल्यावर सर्व मशीन दुसऱ्यावर मावतात का?

३. स्टोरेज आणि स्विचमध्ये एकेरी काय काय आहे?

४. साक्षीदार कुठे आहे?

५. दोन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर आहेत का? पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते हे सांगायला नको. प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत. बंद करताना स्टोरेज शेवटी आणि सुरू करताना आधी, हा क्रम कागदावर लिहून खोलीत लावावा.

६. बॅकअपवरून प्रत्यक्ष माहिती परत आणून कधी पाहिली होती?

७. सर्व्हर सांभाळणारा गावाला गेला तर दुसऱ्या कोणाला हे जमते का?

शेवटची सूचना ॲडमिनिस्ट्रेटर मुला-मुलींना. बसवून झाल्यावर पूर्ण पैसे देण्याआधी, सुट्टीच्या दिवशी, बॅकअप हाताशी ठेवून आणि विक्रेत्याच्या माणसासमोर एका नोडची वीज तोडून पाहा. मशीन दुसरीकडे किती मिनिटांत सुरू झाली ते लिहून ठेवा. ही चाचणी दर सहा महिन्यांनी करा आणि तिची नोंद संचालक मंडळाच्या सभेत ठेवा.