कडूचे चार थेंब

व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या काठी अंगोस्तुरा नावाचं गाव होतं. (आज नकाशात ते सिउदाद बोलिव्हार या नावानं शोधावं लागेल.) सिमॉन बोलिव्हारच्या सैन्यात तिथं योहान सीगर्ट हा जर्मन डॉक्टर काम करत होता. सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींवर उपाय म्हणून त्यानं मुळं आणि मसाले मद्यार्कात भिजवून एक कडू अर्क बनवला. हे १८२४ साल. पुढे त्याच्या मुलांनी कारखाना त्रिनिदाद बेटावर नेला. औषध म्हणून जन्मलेली ही बाटली आज औषधाच्या कपाटात क्वचितच दिसते. ती असते बारमध्ये, नाहीतर स्वयंपाकघरात.

अशा अर्कांना ‘बिटर्स’ म्हणतात. १८०६ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रानं कॉकटेल म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा चारच गोष्टी मोजल्या होत्या: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. शिक्षकांच्या मासिकात ही चर्चा कशाला, असं वाटेल. पण यात एक छान प्रश्न दडलाय. पेलाभर पेयात चार थेंब टाकल्यानं असं होतं तरी काय? पाकाचे चार थेंब टाकले तर कोणाला पत्ताही लागणार नाही!

पेलाभर पाण्यात साखर आहे हे जिभेला कळायला साधारण एक ग्रॅम तरी साखर लागते. अनेक बिटर्समधला कडूपणा येतो जेन्शियन या युरोपातल्या डोंगराळ भागातल्या वनस्पतीच्या मुळांतून. त्यातलं अमॅरोजेन्टिन हे द्रव्य पाण्याच्या ५ कोटी ८० लाख भागांत एक भाग असलं तरी कडू लागतं. म्हणजे एक ग्रॅम द्रव्य आणि दहा हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर पाणी! गंमत म्हणजे आपल्याकडे तापात ज्याचा काढा देतात ते काडेचिराईत याच कुळातलं, आणि अमॅरोजेन्टिन त्यातही असतं. लहानपणी हा काढा प्यायलेल्यांना या कडूची ओळख नव्यानं करून द्यायला नको.

जिभेचा हा पक्षपात का? साखर म्हणजे अन्न. ते भरपूर असलं तरच उपयोगाचं. वनस्पतींतली बरीच विषं मात्र कडू असतात आणि थोडीशीही घात करतात. तेव्हा धोक्याची घंटा लवकर वाजायला हवी. म्हणूनच कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक रेणू आपल्याकडे आहेत, तर गोडासाठी मुख्यतः एकच. मुलांना हे सांगाल तेव्हा एक सावधगिरी बाळगा. ‘कडू नाही म्हणजे विषारी नाही’ असा उलटा अर्थ ती सहज काढतात, आणि तो साफ चूक आहे.

पण बिटर्स म्हणजे नुसता कडूपणा नव्हे. अंगोस्तुराला लवंग-दालचिनीची आठवण करून देणारा वास असतो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे पेशो बिटर्स लाल, जरा गोडसर आणि बडीशेपेच्या वासाकडे झुकणारे. ऑरेंज बिटर्समध्ये कडू संत्र्याची साल. मद्यार्कच का वापरतात, तर पाण्यात न विरघळणारी सुगंधी तेलंही त्यात उतरतात. अंगोस्तुरात मद्यार्क ४४.७ टक्के असतो. मात्र २०० मिलिलिटर सरबतात एक मिलिलिटर टाकलं, तर मिश्रणात तो पाव टक्काही भरत नाही. ऑस्ट्रेलियात लिंबाच्या सरबतात बिटर्स घालून पितात. अतिगोड पेय त्यानं आटोक्यात येतं.

त्रिनिदादमध्ये ते नाताळच्या काळ्या केकमध्ये आणि मांसाला लावायच्या मसाल्यातही पडतात. इथं मात्र नव्या स्वयंपाक्याची फसगत होते. सुगंधाचे रेणू हलके, उष्णतेनं उडून जाणारे; कडू रेणू बोजड, भांड्यातच राहणारे. रस्सा तासभर उकळला तर सुगंध शेजाऱ्यांना आणि कडूपणा आपल्याला! शिवाय रस्सा आटला की उरलेला कडूपणा आणखी दाट होतो. सुगंध हवा असेल तर थेंब टाकावेत ते भांडं उतरवताना, किंवा आइस्क्रीमसारख्या थंड पदार्थात.

हे वर्गात पाहण्यासाठी बिटर्सची बाटली नको (मद्यार्क आहे, तेव्हा नकोच). संत्री आणा. साल नीट धुऊन नखाएवढा तुकडा प्रत्येकाला द्या. नाक चिमटीत धरून तो चावायचा. काय लागतं? कडू, बस. आता नाक सोडा... एकदम संत्रं! वास तोंडाच्या मागून नाकात पोचतो, म्हणून चिमटीत तो अडकतो.

मग उरलेल्या साली उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळा. पाणी गार झाल्यावर चमचाभर चाखायला द्यायचं आहे. मात्र त्याआधी प्रत्येकानं वहीत लिहून ठेवायचं: या पाण्यात संत्रं जास्त लागेल की कडू?