सिस्टरच्या वाट्याच्या खाटा

रात्री दोनला वॉर्डात बेल वाजते, सिस्टर येत नाही आणि रुग्णाचे नातेवाईक म्हणतात, 'माणुसकीच उरली नाही हो!' त्या वेळी त्या एकट्या बाईकडे किती खाटा आहेत, हे मात्र कुणी मोजत नाही.

अमेरिकेत ते मोजले गेले. १९८०च्या सुमारास तिथे परिचारिकांचा मोठा तुटवडा होता. काही रुग्णालयांत मात्र एकदा आलेली परिचारिका सहसा सोडून जात नसे. असे का, हे पाहण्यासाठी तिथल्या नर्सिंग अकादमीने अनेक रुग्णालये तपासून ४१ निवडली आणि १९८३ साली अहवाल काढला. या रुग्णालयांना नाव पडले 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक.

पगाराचे महत्त्व कोण नाकारील? पण अहवालाचा भर वेगळ्याच गोष्टींवर होता. मुख्य परिचारिकेला, आपल्या भाषेत मेट्रनला, कारभारात स्थान होते. पाळ्या लावताना अडीअडचणी पाहिल्या जात. आणि डॉक्टर परिचारिकेचे ऐकून घेत. रुग्णाजवळ आठ तास वावरणारी बाई म्हणते, 'यांचा श्वास मला ठीक वाटत नाही,' आणि राउंडवरचे डॉक्टर थांबतात. याला पैसे थोडेच पडतात!

खाटांना मात्र पैसे पडतात. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये आणि दहा हजारांवर परिचारिका यांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध केली. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की ती नोकरीवर नाराज असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढे, पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी. त्याच एका जादा रुग्णापायी शस्त्रक्रिया झालेला माणूस महिन्याच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तेव्हा सिस्टरची नाराजी हा तिचा घरगुती मामला नव्हे. आपला माणूस त्या खाटेवर असतो. थकलेल्या आणि नाराज परिचारिकांपैकी ४३ टक्के वर्षभरात नोकरी सोडण्याच्या बेतात होत्या, थकवा नसलेल्या समाधानी परिचारिकांपैकी ११ टक्के.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये यासाठी कायदाच केला. तो २००४ साली अमलात आला: साध्या वॉर्डात एकीकडे सहा रुग्ण, २००५ पासून पाच. जेवणाच्या सुट्टीतही हेच प्रमाण का, अशी तक्रार घेऊन रुग्णालये कोर्टात गेली आणि हरली. सिस्टर डबा खायला गेली, तर तिच्या रुग्णांपाशी दुसरी सिस्टर उभी हवी.