तुंगगड : मावळच्या माथ्यावरचा पहारा

पवनानगरच्या बाजारपेठेतून धरणाच्या दिशेने थोडे पुढे गेले की जलाशयापलीकडे एक निमुळता डोंगर नजरेत भरतो. तोच तुंग. त्याचे दुसरे नाव कठीणगड. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंचीच्या या गडाचा माथा इतका अरुंद आहे की तेथे मोठी फौज राहणे शक्य नव्हते. हा लढण्याचा नव्हे, तर टेहळणीचा किल्ला होय.

कोकणच्या बंदरांतील माल बोरघाट चढून देशावर येत असे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांची ही वाट लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या गडांच्या आधाराने सुरक्षित राहत असे. १६६५ साली मोगली फौजांनी याच गडांभोवतीची गावे उद्ध्वस्त केली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत हे चारही गड होते. माथ्यावरचा पहारेकरी स्वतः शत्रूला अडवू शकत नसे. तो खालच्या माणसांना सावध होण्यास वेळ मिळवून देई. पेढीवरचा मुनीमही वहीतील लहानशी तफावत वेळीच दाखवून मोठे नुकसान टाळतो, तसेच हे काम.

अशा पहाऱ्याची गरज केवळ शत्रूपुरती नसते. १९१० साली अमेरिकेच्या वायव्य भागात लागलेल्या वणव्यांत सुमारे तीस लाख एकर जंगल भस्मसात झाले. त्यानंतर तेथील डोंगरमाथ्यांवर आगीवर नजर ठेवणाऱ्या चौक्यांची संख्या झपाट्याने वाढली. उन्हाळाभर एकच माणूस त्या खोलीत राही आणि धुराची रेघ दिसताच नकाशावर दिशा मोजून खाली कळवी. आज भारतात हे काम उपग्रहांच्या मदतीने होते. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था आगीच्या सूचना वनखात्यापर्यंत पोहोचवते. तथापि आगीची पहिली ठिणगी उपग्रहाला दिसत नाही. ती जवळच्या माणसालाच दिसते.

मावळच्या डोंगरांवर पावसाळ्यात उगवलेले गवत माघ-फाल्गुनात वाळून कोळ होते. विझवल्याविना टाकलेली विडी, उघड्यावर मांडलेली चूल किंवा नवे गवत चांगले येईल या समजुतीने मुद्दाम लावलेली आग, एवढ्या कारणाने पूर्ण उतार पेटतो. जमिनीवर घरटे करणारी टिटवी आणि लावा, सरडे, गोगलगायी, असंख्य कीटक यांना पळून जाण्यास अवसरच मिळत नाही. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जलाशयात उतरते. पवनेचे हे पाणी पिंपरी-चिंचवडमधील लाखो घरे पितात. म्हणजे डोंगरावरील निष्काळजीपणाची किंमत शेवटी शहरातील नळापर्यंत येऊन पोहोचते.

तुंगला जाण्यासाठी पवनानगरहून जलाशयाला वळसा घालून तुंगवाडी गाठावी. गावातील मारुतीच्या देवळापासून पायवाट सुरू होते. तासाभराची चढण आहे. पण काही ठिकाणी वाट अरुंद असून एका बाजूस खोल दरी आहे. गोमुखी बांधणीचा दरवाजा ओलांडल्यावर गणपतीचे मंदिर आणि पाण्याचे टाके लागते. त्यापुढील उभी चढण तुंगाई देवीच्या लहानशा मंदिरापाशी संपते. तेथून एका दृष्टिक्षेपात तिकोना, लोहगड, विसापूर आणि खाली पसरलेले पाणी दिसते. ही जागा पहाऱ्यासाठी का निवडली असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सहकुटुंब जाणाऱ्यांनी पहाटेच निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी खाली उतरावे. पावसात निसरड्या कातळावर मुलांना व वयस्करांना नेऊ नये. पाणी आणि कोरडा फराळ घरूनच न्यावा, म्हणजे वर चूल पेटवण्याचा प्रश्नच उरत नाही. आगपेटी सोबत नसलेलीच बरी. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. उतारावर धूर दिसल्यास स्वतः आगीत शिरू नये. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने मोकळ्या जागी उतरावे, तुंगवाडीतील ग्रामस्थांना सांगावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

गडावरील बुरूज ढासळले, पहारेकरीही गेले. परंतु सुटीच्या दिवशी वर चढणारी कुटुंबे डोळे उघडे ठेवून चढली, तर तुंगवरचा पहारा आजही चालू राहू शकतो. त्यासाठी पगारी माणूस लागत नाही. धूर दिसताच दोन मिनिटे थांबून खबर देण्याची सवय पुरेशी आहे.