विश्लेषण : घरी ‘ब्रायटनिंग क्रीम’ बनवणे सुरक्षित आहे का? काय असते तेल-पाण्याचे गणित?

कोरफडीचा गर, खोबरेल तेल, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल आणि थोडे लिंबू. घरच्या घरी उजळ त्वचेचे क्रीम शिकवणारे बरेच रील याच वस्तूंभोवती फिरतात. फेटल्यावर मिश्रण छान पांढरे दिसते. पण दुसऱ्या दिवशी तेल वर आणि पाणी खाली! काही दिवसांत वासही बदलतो. असे का होते, हे समजून घेऊ.

त्वचा ‘उजळते’ म्हणजे नेमके काय होते?

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागते. अर्ब्युटिन, कोजिक ॲसिड आणि ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन या विकराचे काम मंदावतात. नायसिनमाइड म्हणजे ‘ब३’ जीवनसत्त्वाचा प्रकार; तो तयार झालेले मेलॅनिन वरच्या पेशींपर्यंत पोहोचू देण्यात अडथळा आणतो. त्यामुळे डाग काही आठवड्यांत फिकट होऊ शकतात. मूळ वर्ण मात्र बदलत नाही.

कोणता घटक कशात विरघळतो?

फोडणीच्या तेलात हळद टाकली की रंग लगेच सुटतो. थंड पाण्यात ती बरीचशी तळाशी बसते. कारण हळदीतले कर्क्युमिन तेलात विरघळते, पाण्यात जवळपास नाहीच. क्रीमच्या घटकांचेही तसेच आहे.

• तेलात विरघळणारे : ग्लॅब्रिडिन, कोजिक डायपाल्मिटेट, व्हिटॅमिन ई
• पाण्यात विरघळणारे : नायसिनमाइड, अल्फा अर्ब्युटिन, कोजिक ॲसिड, ‘क’ जीवनसत्त्व

घटक चुकीच्या बाजूला टाकला तर त्याचे कण तसेच राहतात. मग क्रीमच्या एका बोटात तो जास्त येतो, दुसऱ्या बोटात अजिबात नाही.

तेल आणि पाणी एकत्र कसे राहतात?

दुधाचे उदाहरण घ्या. त्यात स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात आणि प्रथिने त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. क्रीममध्ये हे काम इमल्सिफायर करतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते. नुसते मधमाशीचे मेण हे काम करू शकत नाही. ते मिश्रण फक्त घट्ट करते.

१०० ग्रॅम साध्या क्रीमची रचना साधारण अशी असते : डिस्टिल्ड वॉटर ७२, ग्लिसरीन ३, नायसिनमाइड ४, तेल १४, इमल्सिफायिंग वॅक्स ६ आणि प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम. चमच्याने नव्हे, काट्यावर मोजून. तेल-वॅक्स आणि पाणी-ग्लिसरीन वेगवेगळ्या भांड्यांत सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकत्र फेटतात. तापमान ४० अंशांच्या खाली आल्यावर उष्णतेने बिघडणारे घटक घालतात. शेवटी पीएच ५.५ ते ६ च्या आसपास आहे का, हे पट्टीने तपासतात.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका पाण्यातच आहे. पाणी आले की जिवाणू आणि बुरशी आलीच. व्हिटॅमिन ई तेल खवट होणे लांबवते, जंतू मारत नाही. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह टाळता येत नाही. दिवाळीचे कोरडे उटणे महिनोन्महिने टिकते, कारण त्यात पाणी आपण ऐनवेळी घालतो.

दुसरा धोका लिंबाचा. त्याच्या रसाचा पीएच २ ते ३ असतो. रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. म्हणजे नको तेच होते. ‘क’ जीवनसत्त्वाची पूडही अशा क्रीममध्ये टिकत नाही. हवेने ती पिवळी-तपकिरी पडते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर धोका म्हणजे घटक माहीत नसलेले ‘व्हाइटनिंग’ क्रीम किंवा पावडर आणून त्यात मिसळणे. पारा टायरोसिनेजला रोखतो, म्हणून झटपट गोरेपणाच्या काही उत्पादनांत तो आढळतो. २०२२ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. त्यांच्या वापरातील क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीतून समोर आले. अशा क्रीममध्ये स्टेरॉइडही असू शकते. त्याने त्वचा पातळ होते.

असे क्रीम विकता येते का?

स्वतःपुरते बनवणे वेगळे, विक्री वेगळी. ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’नुसार विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायला परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. ‘घरगुती’ किंवा ‘नैसर्गिक’ लिहिल्याने यातून सूट मिळत नाही. त्यामुळे ओळखीतून डबी घेतानाही घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहा.

वापरण्यापूर्वी काय करावे?

थोडेसे क्रीम हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर चेहऱ्याला लावू नका. वास, रंग बदललेले किंवा फाटलेले क्रीम टाकून द्या. आणि दिवसा सनस्क्रीन लावा. उन्हाने मेलॅनिन वाढतच राहिले तर कोणत्याच क्रीमचा उपयोग होत नाही. वांग किंवा अचानक वाढलेले डाग असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.