लाडक्या कुत्र्याचे मूत्रपिंड : सुई टोचायची की नाही?

लखनौच्या इंदिरानगरात सकाळी फिरायला निघालेल्या माणसांमध्ये हातात साखळी धरलेली मंडळी बरीच दिसतात. समजा, यांच्यापैकी एका घरातला सात वर्षांचा लॅब्रेडॉर गेले महिनाभर मलूल आहे. पाण्याचे भांडे दिवसातून चारदा रिकामे होते, वजन उतरले आहे, पायांवर थोडी सूज आहे. डॉक्टर लघवी तपासतात आणि सांगतात, "मूत्रपिंडातून प्रथिने गळताहेत. कारण नक्की कळायचे तर बायोप्सी करावी लागेल." घरात एकदम शांतता पसरते. मुक्या जनावराच्या मूत्रपिंडात सुई खुपसायची? आणि नाही म्हटले तर?

गाळणी बिघडते तेव्हा

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म गाळण्या असतात. त्या बिघडल्या की शरीराला हवी असलेली प्रथिने लघवीवाटे निघून जातात. अडचण अशी, की मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश शक्ती संपेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन बहुधा वाढत नाही. म्हणून केवळ रक्ताचा अहवाल चांगला आला एवढ्यावर निर्धास्त राहू नये. लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण कुत्र्यामध्ये 0.5 च्या वर वारंवार आढळले, तर ते दुखण्याचे लक्षण समजतात.

गाळणी बिघडण्याची कारणे मात्र निरनिराळी. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 501 कुत्र्यांच्या बायोप्सी तपासल्या गेल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच गाळण्यांवर हल्ला केलेला आढळला. या निम्म्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे उपयोगी पडू शकतात. उरलेल्यांना तीच औषधे दिली तर फायदा नाही, उलट जंतुसंसर्गाचा धोका. बाहेरून दोन्ही कुत्री सारखीच दिसतात. फरक कळतो तो त्या तुकड्यातूनच.

तुकडा काढतात कसा?

माणसांमध्ये सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत रुळली, ती कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून या डॉक्टरांनी 1951 साली आपला अनुभव प्रसिद्ध केल्यानंतर. पुढे पशुवैद्यांनीही ती उचलली. माणसाला "श्वास रोखा" असे सांगता येते. कुत्र्याला सांगता येत नाही. म्हणून त्याला भूल द्यावी लागते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, त्वचेला बारीक छेद देऊन स्प्रिंगची सुई आत नेतात. ती बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक असते. क्षणार्धात ती धाग्याएवढा तुकडा कापून घेते. असे साधारण दोन तुकडे, तेही एकाच मूत्रपिंडातून काढतात.

सगळे कौशल्य सुईच्या दिशेत आहे. गाळण्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात असतात, तर मोठ्या रक्तवाहिन्या आतल्या बाजूला. त्यामुळे सुई वरच्या थरातूनच तिरकी जायला हवी. खोल गेली तर रक्तस्राव वाढतो आणि तुकडाही निरुपयोगी ठरतो. कुत्रे 5 किलोपेक्षा लहान असेल, तर पोटाला छेद घेऊन किंवा दुर्बिणीतून पाहून तुकडा घेणे अनेकदा बरे पडते.

धोका किती?

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बायोप्सी केलेल्या 283 कुत्र्यांपैकी सुमारे 13 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. त्यांत मुख्य होता रक्तस्राव. क्रिएटिनिन 5 च्या वर गेलेल्या कुत्र्यांमध्ये धोका अधिक दिसला. म्हणून आधी रक्त गोठण्याची चाचणी, प्लेटलेट आणि रक्तदाब पाहणे आवश्यक असते. रक्तदाब आटोक्यात नसेल, रक्त गोठत नसेल, मूत्रपिंडात पू किंवा मोठी गाठ असेल, तर सुई टोचत नाहीत. मूत्रपिंड आकसून आजार शेवटच्या टप्प्याला पोहोचला असेल, तरीही बायोप्सी करू नये. तिच्या निकालाने उपचारात काहीच बदल होणार नसतो.

तपासणीनंतर कुत्र्याला सलाइन देतात, म्हणजे लघवीच्या मार्गात रक्ताची गुठळी अडकत नाही. एक दिवस पूर्ण विश्रांती आणि पुढचे काही दिवस उड्या, धावणे बंद.

होकार देण्यापूर्वी

मालकाने डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. निकालाने औषध बदलणार आहे का? ही तपासणी करण्याचा सराव कोणाला आहे? आणि तुकडा कुठल्या प्रयोगशाळेत जाणार? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळणीचे सगळे आजार ओळखू येत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचीही गरज पडते आणि त्यासाठी तुकडा वेगळ्या द्रवात ठेवावा लागतो.

अशी सोय गल्लीतल्या दवाखान्यात नसते. लखनौकरांना बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था गाठता येते. मराठी वाचकांना कौतुक वाटेल, की या संस्थेचा जन्म 1889 साली पुण्यात झाला! मुंबईकरांना परळचे 1886 सालचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ठाऊक आहेच. तिथे आधी चौकशी करून मगच कुत्र्याला प्रवास घडवावा.

सुईची वेळच येऊ नये म्हणून

काही गोष्टी घरातच सांभाळता येतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. मुलांनी लाडाने दिलेली द्राक्षे आणि मनुकाही त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी द्यावी. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार पावसाळ्यात कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही. गोचिडांचा बंदोबस्त करावा. सात वर्षांनंतर वर्षातून एकदा लघवीची तपासणी करावी. तिला ना भूल लागते, ना सुई.

आणि एवढे करूनही डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली, तर घाबरून नकार देऊ नये, भावनेच्या भरात होकारही देऊ नये. कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही आणि संमतीही देता येत नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारणे हे घरच्यांचेच काम.